एक कोंबडी, तीन वार

रविवारी सकाळी चिकनच्या दुकानापुढे बहुतेकांची मागणी ठरलेली असते: ‘एक किलो, विदाउट स्किन, करी कट.’ दुकानदाराचा सुरा चालतो आणि छाती, मांडी, मान, पाठ असं सगळं एकाच पिशवीत पडतं. दुपारी ते एकाच पातेल्यात शिजतं. तंगड्या पहिल्या वाढपातच संपतात. छातीचे तुकडे कोरडे लागतात म्हणून मुलं ते बाजूला सारतात. मान आणि पाठीची हाडं ताटाच्या कडेला जमतात. रात्री उरलेला रस्सा तळाशी गेलेल्या दोन तुकड्यांसह पुन्हा गरम होतो आणि आठवड्याचा मांसाहाराचा खर्च एका दिवसात उरकलेला असतो.

या खर्चात चार माणसांच्या घराला तीन जेवणं सहज बसतात. त्यासाठी पाककौशल्य लागत नाही. कोंबडीची वाटणी ताटात न करता शिजवण्याआधी करावी लागते, एवढंच. कोणता भाग कोणत्या दिवशी आणि कशात जाणार हे आधी ठरलं, की पुढचं काम सोपं होतं.

आधी हिशोब

बाजारात कोंबडीचे दोन भाव असतात, एक जिवंत वजनाचा आणि एक साफ केलेल्या मांसाचा. ब्रॉयलर, म्हणजे आपण ज्याला सरसकट ‘बॉयलर’ म्हणतो ती कोंबडी, जिवंत दोन किलोची असेल तर कातडं काढून साफ केल्यावर साधारण सव्वा किलो भरते. म्हणून जिवंत भावाला १.६ ने गुणून पाहावं. येणारा आकडा साफ केलेल्या भावापेक्षा कमी असेल, तर अख्खी कोंबडी वजनावर घेऊन समोर साफ करून घेणं फायद्याचं. जास्त असेल, तर साफ केलेलीच घ्यावी. समजा जिवंत भाव १५० रुपये किलो आहे. १५० गुणिले १.६ म्हणजे २४०. दुकानात ‘विदाउट स्किन’चा भाव २४० असेल, तर दोन्ही सारखंच पडतं.

अख्खी घेण्याचा खरा फायदा पुढे आहे. सव्वा किलोच्या कोंबडीत हाड काढलेली छाती साधारण सव्वाचारशे ग्रॅम निघते. तंगड्या-मांड्या जवळपास तेवढ्याच भरतात. पंख, पाठ आणि मान मिळून चारशे ग्रॅमच्या आसपास होतात. आता समजा बोनलेसचा भाव ३६० आणि नुसत्या लेगचा २८० आहे. छाती आणि तंगड्या वेगवेगळ्या घेतल्या तर १५३ आणि ११९, असे २७२ रुपये होतात. अख्खी कोंबडी ३०० रुपयांची. म्हणजे पंख, पाठ, मान, शिवाय कलेजी-पेटा, हे सगळं २८ रुपयांत पदरात पडतं. तीन जेवणांतल्या दोन जेवणांना चव येणार आहे ती या २८ रुपयांच्या हाडांमुळे. आकडे तुमच्या बाजारातले घाला, गणित हेच ठेवा.

भाव वारानुसार आणि सणानुसार हलतो. आषाढाच्या शेवटी, एकतीस डिसेंबरला आणि धुळवडीला तो चढलेला असतो. श्रावणात आणि नवरात्रात मागणी घटते, तसा बहुतेक ठिकाणी उतरतो. ज्यांच्याकडे श्रावण पाळत नाहीत, त्यांनी फ्रीजरमध्ये जागा करावी ती याच महिन्यात.

दुकानात काय सांगायचं

‘करी कट’ हे दोन शब्द विसरा. त्याऐवजी म्हणा, ‘भाऊ, तंगड्या आणि मांड्या वेगळ्या करा, छातीचं बोनलेस काढा, पंख-पाठ-मान वेगळं बांधा. कलेजी-पेटा पण द्या.’ गर्दी नसेल तेव्हा, म्हणजे रविवारी आठच्या आत गेलात, तर कुणी कुरकुरत नाही. घरून झाकणाचे दोन-तीन डबे नेले तर वाटणी तिथेच होते.

समोर साफ होत असताना तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. कलेजीला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी न फुटता निघायला हवी. ती फुटली तर लागलेला भाग कडू होतो, तेवढा कापून टाकायला सांगा. पेट्याच्या आतलं पिवळं अस्तर सोललेलं असावं. पाठीच्या आतल्या बाजूला फुप्फुसाचे लाल तुकडे चिकटून राहतात, ते काढून घ्या, नाहीतर पाणी गढूळ होतं. मांस फिकट गुलाबी असावं, बोटाने दाबलं तर परत वर यावं, हाताला चिकट लागू नये. आंबूस वास आला तर भाव विचारायचीही गरज नाही.

घरी आल्यावर

मांस नळाखाली धरून जोरात धुण्याची सवय मोडायला हवी. कच्च्या कोंबडीवर साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टरसारखे जंतू असू शकतात. धारेबरोबर ते ओट्यावर आणि शेजारी ठेवलेल्या कोथिंबिरीवर उडतात. धुण्याने ते मरत नाहीत, शिजवल्यावर मरतात. धुतल्याशिवाय चैन पडत नसेल, तर पातेल्यात पाणी घेऊन अलगद हलवून काढा आणि नंतर सिंक व हात साबणाने स्वच्छ करा. कच्च्या मांसाचा सुरा आणि पाट कांदा-टोमॅटोला वापरू नका.

मग चार वाटे करा:

१. कलेजी-पेटा. आजच संपवायचं.
२. तंगड्या-मांड्या. हळद, मीठ, आलं-लसूण लावून दुपारसाठी.
३. पंख, पाठ, मान. आजच्या कुकरसाठी.
४. छाती. दोन सारखे भाग करून, पिशवीत चपटे पसरून, वर तारीख लिहून लगेच फ्रीजरमध्ये. एक बुधवारचा, एक शुक्रवारचा.

बुधवार-शुक्रवारच का, हे मराठी घराला सांगायला नको. सोमवार, गुरुवार, शनिवार कुणी ना कुणी पाळतं, काही घरांत मंगळवारही असतो. उरतात रविवार, बुधवार आणि शुक्रवार. कच्चं चिकन साध्या फ्रीजमध्ये एक-दोन दिवसच चांगलं राहतं, म्हणून बुधवारचा वाटाही रविवारीच फ्रीजरमध्ये जायला हवा. वारांना फ्रीजमध्ये मांस नको असेल, तर घट्ट झाकणाचा एक डबा फक्त यासाठी राखून ठेवा. वासाचा आणि मनाचा, दोन्ही प्रश्न मिटतात.

रविवार: अळणी आणि रस्सा

सकाळच्या भाकरीबरोबर कलेजी-पेटा. पेटा चिवट असतो, तो आधी कुकरला तीन-चार शिट्ट्या देऊन शिजवा. कलेजी मात्र सात-आठ मिनिटांत होते, जास्त परतली की खरखरीत लागते. एका कोंबडीचं कलेजी-पेटा मूठभरच असतं. त्यात एक उकडलेला बटाटा परता, किंवा दुकानात स्वस्तात मिळणारी पाव किलो कलेजी जास्तीची घ्या. कलेजीत लोह भरपूर असतं, तसंच अ जीवनसत्त्वही खूप असतं. म्हणून गरोदर बायकांनी ती वारंवार खाऊ नये.

दुपारचा पाया म्हणजे अळणी. सोलापूर-पुण्याकडच्या घरांना ही नवी नाही. कुकरमध्ये चमचाभर तेलावर चिरलेला कांदा परता. पंख, पाठ, मान घाला. हळद, आलं-लसूण, चार मिरे, थोडं मीठ आणि दोन लिटर पाणी घाला. कुकर दोन-तृतीयांशाच्या वर भरू नका. तीन शिट्ट्या झाल्यावर आच बारीक करून वीस मिनिटं ठेवा. गॅसही वाचतो आणि हाडांतला रस पाण्यात उतरतो. गाळून घ्या. साधारण पावणेदोन लिटर पाणी हाती येतं, त्याचे तीन भाग करा.

पहिला भाग चार छोटे कप. लिंबू पिळून जेवणाआधी सगळ्यांना द्या. पोट थोडं शांत झालेलं असलं की तुकड्यांवर झडप पडत नाही. दुसरा भाग, साधारण अर्धा लिटर, रश्शाला. तिसरा, पाऊण लिटरहून थोडा अधिक, शुक्रवारसाठी.

हाडं कोमट झाली की त्यांवरचं मांस बोटांनी सोडवा. मानेभोवती, पाठीच्या दोन्ही खोबणींत आणि पंखात मिळून वाटीभर तरी निघतं. एरवी हेच मांस ताटाच्या कडेला जात होतं. ते शुक्रवारच्या अळणीत बुडवून ठेवा, म्हणजे सुकत नाही. उरलेली शिजलेली हाडं गल्लीतल्या कुत्र्याला घालू नका. त्यांचे टोकदार तुकडे होतात आणि ते घशात, आतड्यात रुततात.

आता रस्सा. वाटण परता, तंगड्या-मांड्या घालून पाच मिनिटं परता, अर्धा लिटर अळणी ओता आणि झाकून वीस-पंचवीस मिनिटं शिजू द्या. मांडीला टोचल्यावर लाल पाणी येता कामा नये. पाण्याऐवजी अळणी पडल्यामुळे रश्शाला जी चव येते, ती एक किलो करी कट टाकूनही येत नाही. सोबत चार उकडलेली अंडी आणि दोन बटाट्यांच्या मोठ्या फोडी सोडल्या, की चार माणसांना प्रत्येकी एक तंगडी किंवा मांडी, एक अंडं, बटाटा आणि भाकरी बुडवायला भरपूर रस्सा मिळतो.

कोल्हापूरकरांनी हे तंत्र फार पुढे नेलं आहे. एकाच मटणाच्या पाण्यातून तांबडा आणि पांढरा असे दोन रस्से, सुकं वेगळं आणि वाटीवर वाटी रस्सा पाहुण्याला आग्रहाने. त्या ताटात मांस बेताचंच असलं तरी कुणी उपाशी उठत नाही. जेवण भरतं ते रश्शावर आणि भाकरीवर.

बुधवार: डाळ घातलेली टिक्की

मंगळवारी रात्री छातीचं एक पाकीट फ्रीजरमधून काढून फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, ताटलीत ठेवा. वर ठेवलं तर त्याचं पाणी बाकीच्या अन्नावर ठिबकतं. ओट्यावर रात्रभर ठेवून बर्फ उतरवू नका. मांस अर्धवट गोठलेलं असतानाच सुरीने बारीक चिरा किंवा मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा. घरचा खिमा तयार.

दोनशे ग्रॅमभर खिम्याला शंभर ग्रॅम चणाडाळ. डाळ तासभर भिजवून, आलं-लसूण आणि सुक्या मिरच्या घालून, जरा कमी पाण्यात शिजवून घ्या. तिच्यात खिमा घाला आणि पाणी पूर्ण आटेपर्यंत परता. ओल राहिली तर टिक्क्या तव्यावर फुटतात. गार झाल्यावर वाटा. त्यात एक उकडलेला बटाटा, बारीक कांदा, कोथिंबीर आणि गरम मसाला मिसळा. दहा-बारा टिक्क्या होतात. त्या थोड्या तेलावर खमंग भाजा. पोळी, कांदा-लिंबू आणि रोजचं वरण-भात असलं की जेवण पूर्ण. डाळ आणि चिकन मिळून प्रत्येकाच्या ताटात १७-१८ ग्रॅम प्रथिनं जातात आणि चिकनचं प्रमाण मात्र माणशी जेमतेम पन्नास ग्रॅमच्या वर असतं.

टिक्क्यांचा कंटाळा आला तर तोच खिमा मटार-बटाटा घालून करा. मेथीची अर्धी जुडी घातली तर आणखी वाढतो. छातीचं मांस कोरडं पडण्याची तक्रार खिम्यात राहतच नाही, म्हणून हा भाग रश्शात घालण्यापेक्षा इथे कामाला येतो.

शुक्रवार: अळणीतला पुलाव

छातीचं दुसरं पाकीट, हाडांवरून सोडवलेलं वाटीभर मांस आणि साठवलेली अळणी, या तिन्हींचा पुलाव. वाडा कोलम किंवा तसाच सुटा होणारा तांदूळ तीन वाट्या घ्या. आंबेमोहोर आणि इंद्रायणीचा भात चवीला उत्तम, पण तो मऊ, चिकट होतो. तमालपत्र, दालचिनी, लवंग आणि उभा चिरलेला कांदा तेलात लाल करा. छातीचे बारीक तुकडे परता. गाजर, मटार, फरसबी घाला, मग तांदूळ आणि त्याच्या दुप्पट अळणी. कमी पडली तर पाणी मिसळा. सोडवलेलं मांस शिजलेलंच आहे, ते शेवटी, भात वाफेवर असताना हलक्या हाताने मिसळा. सोबत काकडीची कोशिंबीर किंवा ताक. इथे चिकन शोधावं लागतं, पण भाताच्या प्रत्येक घासाला त्याची चव असते.

वाटण महाग पडू देऊ नका

चिकन स्वस्तात आणलं आणि खोबरं, काजू, खसखस यांत पैसे घातले, तर बचत तिथेच संपते. रश्शाला दाटपणा हवा असतो आणि तो अनेक मार्गांनी येतो. अर्धी वाटी सुक्या खोबऱ्याला दोन चमचे भाजलेल्या शेंगदाण्यांचं कूट जोडा, किंवा भाजलेले तीळ, किंवा मूठभर डाळवं. कांदा मात्र खरपूस भाजा, खोबरं कमी असलं तरी तो सावरून घेतो. खसखस पूर्ण वगळली तरी चालते.

वाटण एकदम दुप्पट करा आणि चिकनला हात लावण्याआधीच अर्धं वेगळ्या डब्यात काढा. सोमवारी त्यात मटकीची उसळ होते. वार पाळणाऱ्यांनाही ते चालतं, आणि मिक्सर-गॅसचा दुसरा फेरा वाचतो.

फ्रीज, उन्हाळा आणि गेलेली वीज

वाचवलेलं अन्न खराब झालं, तर बचत दवाखान्यात जाते. शिजवलेलं चिकन दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात तासाभराच्या आत. मोठं पातेलं तसंच ठेवलं तर मध्यभाग लवकर गार होत नाही, म्हणून उथळ डब्यांत काढा. फ्रीजमध्ये ते तीन-चार दिवस टिकतं, म्हणूनच शुक्रवारची अळणी रविवारीच फ्रीजरमध्ये टाका. जागा कमी असेल, तर ती आटवून निम्मी करा आणि शुक्रवारी तेवढंच पाणी मिसळा.

एका दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा मोठ्या फ्रीजरइतका गार राहीलच असं नाही. त्यात चिकन आठवडाभरापेक्षा जास्त ठेवू नका. भारनियमनाच्या गावात हा बेत रविवार-बुधवारवर आणा आणि छातीचे दोन्ही वाटे बुधवारीच वापरा. बर्फ पूर्ण उतरलेलं कच्चं मांस पुन्हा गोठवू नका, ते शिजवून टाका. उरलेलं गरम करताना लागेल तेवढंच काढा आणि खळखळून उकळी येऊ द्या. तोच रस्सा तीनदा गरम-गार करणं टाळा.

गावरान आणि लेअर

गावरान कोंबडी भावाने महाग आणि मांसाने कमी. ती पिसं काढून, जाळावर शेकून, हळद चोळून कातड्यासकट शिजवतात. हा बेत तिला लागू पडत नाही, कारण तिची छाती काही फार भरत नाही. मात्र तिच्या रश्शाला जोर असतो. सणावारी आणलीत, तर तुकड्यांपेक्षा रस्सा वाढवण्याचा विचार करा आणि शिजायला पाऊण तास तरी धरा.

लेअर, म्हणजे अंडी देऊन झालेली कोंबडी, काही दुकानांत ब्रॉयलरपेक्षा स्वस्त मिळते. मांस चिवट असतं, पण अळणी दाट आणि चवदार उतरते. कुकरला पाच-सहा शिट्ट्या देऊन नंतर अर्धा तास बारीक आचेवर ठेवलं, तर मांस सोडवून पुलावात किंवा खिम्यात घालता येतं.

कुणी काय बदलावं

एकटे-दुकटे राहणाऱ्यांनी अर्धी कोंबडी घ्यावी किंवा शेजाऱ्याबरोबर अख्खी वाटून घ्यावी. एकाने छाती आणि दुसऱ्याने तंगड्या अशी विभागणी नको, दोन्ही घरांना हाडं मिळायला हवीत. घरात फ्रीजच नसेल, तर अख्खी कोंबडी घेऊ नका. लागेल तेवढंच आणा, फक्त त्यात पाठ-मान मागून घ्या आणि अळणी काढा. सहा-सात माणसांच्या घरात तीनऐवजी दोन जेवणं धरा.

या पद्धतीचा एक फायदा रुपयांत मोजता येत नाही. एकाच पातेल्यातून वाढप होतं, तेव्हा वाढणारी बाई शेवटी बसते आणि तिच्या वाट्याला रस्सा आणि मान येते. तुकडे आधीच मोजून ठेवले, की तिची मांडीही पातेल्यात तिची वाट पाहत राहते. मुलांना हे मोठ्यांनी एकदा सांगावं लागतं, मग अंगवळणी पडतं.

आता हिशोब मिटवू. वर धरलेल्या भावाने ३०० रुपयांची कोंबडी चार माणसांनी एकाच दुपारी संपवली, तर चिकनचा खर्च ताटामागे ७५ रुपये. तीच तीन वारांत बारा ताटांवर पसरली, तर २५. डाळ, अंडी, तांदूळ वेगळे धरले तरी फरक मोठा राहतो. सुरुवातीचे काही रविवार भाव, वजन आणि कोणत्या वाट्यातून किती निघालं, हे दुधाच्या हिशोबाशेजारी कॅलेंडरच्या चौकटीत लिहून ठेवा. दोन-तीन महिन्यांत कळतं की तुमच्या दुकानात कोणता वार स्वस्त आहे, तुमच्या घराला किती वजनाची कोंबडी पुरते आणि बुधवारच्या टिक्क्यांपैकी किती मुलं दुपारीच संपवतात.